धातू-नॅनोकण उत्प्रेरकांचे स्थैर्य : दावा आणि पुरावा यांतील अंतर

गोषवारा

धातूंच्या नॅनोकणांवर आधारित उत्प्रेरकांविषयी गेल्या तीन दशकांत विपुल संशोधन प्रसिद्ध झाले आहे. या संशोधनात उत्प्रेरकाच्या आरंभीच्या सक्रियतेला जे महत्त्व मिळते, ते त्याच्या टिकाऊपणाला मिळत नाही. जेथे टिकाऊपणाचा उल्लेख येतो, तेथेही तो बहुधा मोजमापाऐवजी विशेषणाच्या रूपात येतो. प्रस्तुत लेखात अमोनिया, नायट्रिक आम्ल, मिथेनॉल आणि व्हिनाइल क्लोराइड यांच्या औद्योगिक निर्मितीतील अनुभवाच्या आधारे या उणिवेची चिकित्सा केली आहे. स्थैर्य म्हणजे ‘न बदलणे’ नव्हे. ऱ्हासाचा वेग ज्ञात असणे आणि त्यावर उपाय हाताशी असणे म्हणजे स्थैर्य, अशी भूमिका येथे मांडली आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत अल्प साधनांनिशी करता येतील अशा काही चाचण्याही शेवटी सुचविल्या आहेत.

बीजसंज्ञा : उत्प्रेरक, नॅनोकण, स्थैर्य, सिंटरिंग, पुनर्वापर, औद्योगिक रसायननिर्मिती.

प्रस्तावना

‘जो पदार्थ रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढवितो, परंतु अभिक्रियेच्या अखेरीस स्वतः अपरिवर्तित राहतो, तो उत्प्रेरक’, ही व्याख्या आपण शालेय इयत्तेत पाठ करतो आणि पुढे वर्गात तीच सांगतो. उत्प्रेरण ही संज्ञा स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने १८३५ साली रूढ केली. तेव्हापासून या व्याख्येने अध्यापनाची मोठी सोय केली, यात शंका नाही. तथापि तिच्या उत्तरार्धाने एक गैरसमजही रुजविला आहे. कारखान्यातील कोणताही उत्प्रेरक अपरिवर्तित राहत नाही. तो तापतो, झिजतो, त्याच्यावर कार्बनाचा थर साचतो, गंधकाने त्याला विषबाधा होते, त्याचे कण एकमेकांत मिसळतात आणि एके दिवशी तो बदलावा लागतो. अभिक्रियेच्या रासायनिक समीकरणात उत्प्रेरक खर्ची पडत नाही, हे खरे. पण कारखान्याच्या हिशेबवहीत तो खर्ची पडतच असतो.

ही विसंगती नॅनोकणांच्या बाबतीत अधिकच तीव्र होते. ज्या सूक्ष्मतेमुळे हे कण सक्रिय ठरतात, तीच सूक्ष्मता त्यांच्या अस्थैर्याचे मूळ असते. असे असूनही या विषयावरील संशोधनलेखनात स्थैर्याची चर्चा बहुधा अखेरच्या परिच्छेदात, एका वाक्यात उरकली जाते. हा लेखनदोष आहे की विचारदोष, हा प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहे.

उद्योगाचा निकष

अमोनियाच्या संश्लेषणाचा इतिहास या संदर्भात मार्गदर्शक आहे. १९०९ साली फ्रिट्झ हाबर याने नायट्रोजन व हायड्रोजन यांच्यापासून उच्च दाबाखाली अमोनिया मिळविण्याचे जे प्रात्यक्षिक दाखविले, त्यात ऑस्मियम हा धातू वापरला होता. ऑस्मियमची सक्रियता उत्तम होती. परंतु हा धातू अतिशय दुर्मिळ आणि त्याचे ऑक्साइड बाष्पनशील व विषारी. त्यामुळे बीएएसएफ या कंपनीत आल्विन मिटाश याने पर्यायाचा शोध आरंभिला आणि हजारो चाचण्यांनंतर त्याच्या हाती आला तो लोहाचा उत्प्रेरक. त्यात अ‍ॅल्युमिना व पोटॅशियमची संयुगे अल्प प्रमाणात मिसळलेली होती. १९१३ साली ओपाऊ येथील कारखाना याच उत्प्रेरकावर सुरू झाला.

येथे अ‍ॅल्युमिनाचे कार्य लक्षात घेण्याजोगे आहे. ते स्वतः अमोनिया घडवीत नाही. लोहाचे बारीक स्फटिक तापाने एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ते मध्ये भिंतीसारखे उभे राहते. म्हणजे या युगप्रवर्तक उत्प्रेरकात सक्रियतेइतकीच गुंतवणूक टिकाऊपणात केलेली होती. योग्य निगा राखल्यास असा उत्प्रेरक दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालतो. आपल्याकडील रायगड जिल्ह्यातील थळ येथील खत प्रकल्पासारख्या ठिकाणी विद्यार्थ्यांची औद्योगिक सहल नेताना अमोनियाच्या मनोऱ्याकडे बोट दाखवून ही गोष्ट आवर्जून सांगावयास हवी.

परंतु उद्योग प्रत्येक वेळी दीर्घायुष्याचीच अपेक्षा करतो, असे मानणे मात्र चूक ठरेल. नायट्रिक आम्लाच्या निर्मितीत अमोनियाचे ऑक्सिडीकरण प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळीवर सुमारे ९०० अंश सेल्सियस तापमानास घडविले जाते. या तापमानास प्लॅटिनमचे ऑक्साइड वाफेच्या रूपाने सतत निसटत असते. हा ऱ्हास थांबविता येत नाही, हे मान्य करून कारखानदाराने त्याखाली पॅलेडियमयुक्त जाळी बसविली, जेणेकरून निसटलेले प्लॅटिनम तेथे पकडले जावे. जाळीचे आयुष्य काही महिन्यांचे असते. परंतु ते किती महिन्यांचे हे ठाऊक असते. पेट्रोलियमच्या नॅफ्थ्यापासून उच्च ऑक्टेन मूल्याचे इंधन बनविणाऱ्या प्लॅटिनम उत्प्रेरकावर कार्बनाचा थर साचतो. त्यावर उपाय म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्लॅटिनमला ऱ्हेनियमची जोड दिली गेली आणि १९७० च्या दशकारंभी उत्प्रेरक चालू संयंत्रातूनच सतत बाहेर काढून पुनरुज्जीवित करण्याची पद्धत प्रचारात आली.

या तीन उदाहरणांवरून उद्योगाचा निकष स्पष्ट होतो. उत्प्रेरक बदलतो की नाही, हा उद्योगाचा प्रश्नच नव्हे. तो किती वेगाने बदलतो, कोणत्या कारणाने बदलतो आणि त्यावर उपाय काय, हे तीन प्रश्न उद्योग विचारतो.

नॅनोकण का टिकत नाहीत?

अन्य विद्याशाखांतील वाचकांसाठी या ऱ्हासाची कारणे थोडक्यात पाहू. २ नॅनोमीटर व्यासाच्या धातुकणात साधारणपणे निम्मे अणू पृष्ठभागावर असतात, तर १० नॅनोमीटरच्या कणात ते प्रमाण सुमारे एक दशांश उरते. पृष्ठभागावरील अणूंना शेजारी कमी असतात, म्हणून ते अभिक्रियेस उत्सुक असतात. आणि त्याच कारणाने ते स्थलांतरासही उत्सुक असतात. पृष्ठ-ऊर्जा कमी करण्याकडे निसर्गाचा कल असल्याने लहान कण मोठे होऊ पाहतात. २ नॅनोमीटरचे १२५ कण एकत्र येऊन १० नॅनोमीटरचा एक कण झाला, तर धातूचे वजन तेवढेच राहते, पण एकूण पृष्ठफळ एक पंचमांशावर येते. यालाच सिंटरिंग म्हणतात.

हे दोन मार्गांनी घडते. एका मार्गात संपूर्ण कणच आधारद्रव्यावरून सरकत जाऊन दुसऱ्यास मिळतो. दुसऱ्या मार्गात लहान कणातून सुटे अणू निघून मोठ्या कणावर जाऊन बसतात. लहान क्षीण होतो, मोठा वाढतो. या दुसऱ्या मार्गास, नायट्रिक आम्लाच्या प्रक्रियेशी ज्याचे नाव जोडले गेले आहे त्याच ऑस्टवाल्डच्या नावाने ओळखतात.

कोणत्या तापमानास धोका संभवतो, याचा एक स्थूल ठोकताळा उपलब्ध आहे. केल्विन मापनात धातूच्या द्रवणांकाच्या सुमारे ०.३ पट तापमानास पृष्ठभागावरील अणू हलू लागतात आणि सुमारे निम्म्या तापमानास आतील अणूही चलनशील होतात. तांब्याच्या बाबतीत ही तापमाने अनुक्रमे सुमारे १३५ व ४०५ अंश सेल्सियस येतात. मिथेनॉल निर्मितीतील तांबे-जस्त ऑक्साइड-अ‍ॅल्युमिना उत्प्रेरक २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान चालवितात. म्हणजे तो आरंभापासूनच धोक्याच्या पट्ट्यात वावरत असतो. शिवाय गंधकाने तांब्याला विषबाधा होते. तांब्याची मिथेनॉलसाठीची सक्रियता १९२० च्या दशकातच ज्ञात होती, तरी गंधकमुक्त वायू उपलब्ध होऊन आयसीआय कंपनीची कमी दाबाची प्रक्रिया येण्यास १९६६ साल उजाडावे लागले. सक्रियता समजल्यापासून ती उपयोगात आणण्यापर्यंत सुमारे चार दशके गेली, ती प्रामुख्याने टिकाऊपणाच्या अभावी.

द्रवरूप माध्यमात आणखी एक मार्ग उघडतो. धातू विरघळून द्रावणात उतरतो आणि प्रत्यक्ष कार्य तोच करतो. आपण मात्र त्याचे श्रेय गाळणीवर उरलेल्या घन कणांना देतो.

स्थैर्यासाठीचे उपाय : एक परीक्षण

नॅनोकणांना जागीच रोखण्याचे अनेक उपाय सुचविले गेले आहेत. त्यांचे महत्त्व वादातीत आहे. परंतु प्रत्येक उपायाची किंमतही तपासली पाहिजे.

पहिला उपाय आधारद्रव्याशी दृढ बंध घडविण्याचा. १९७८ साली टॉस्टर व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की टायटॅनियम डायऑक्साइडवर बसविलेले प्लॅटिनम गटातील धातू ५०० अंशांस हायड्रोजनने क्षपित केल्यास त्यांची वायू अधिशोषण्याची क्षमता जवळजवळ नाहीशी होते. पुढे उमगले, की आधारद्रव्यच कणावर पातळ आवरण चढविते. हे आवरण कणाला जागी धरून ठेवते खरे. पण सक्रिय पृष्ठभागही झाकून टाकते. संरक्षण व सक्रियता यांतील हा झगडा पुढील सर्व उपायांत दिसतो.

दुसरा उपाय कवचाचा. २००९ साली प्लॅटिनमच्या कणांभोवती सच्छिद्र सिलिकाचे कवच चढवून ते हवेत ७५० अंशांपर्यंत टिकविण्यात यश आले. तथापि कोरड्या हवेतील टिकाऊपणा म्हणजे कारखान्यातील टिकाऊपणा नव्हे. उच्च तापमानाच्या वाफेत सिलिका स्वतःच फारशी टिकत नाही आणि औद्योगिक प्रवाहांत वाफ जवळजवळ सर्वत्र असते. २०१२ साली पॅलेडियमच्या कणांवर अ‍ॅल्युमिनाचे ४५ अतिसूक्ष्म थर चढविण्यात आले, तेव्हा ६७५ अंशांस २८ तास अभिक्रिया चालवूनही कणांच्या रूपात बदल दिसला नाही आणि कार्बनाचा थरही बराच कमी साचला. हे संशोधन निःसंशय मोलाचे आहे. परंतु २८ तास हा आकडा लोहाच्या उत्प्रेरकाच्या दहा वर्षांशेजारी ठेवून पाहावा. या दोहोंमध्ये जे अंतर आहे, ते कोणत्याही निबंधाच्या शीर्षकात दिसत नाही.

तिसरा उपाय अणूंना सापळ्यात पकडण्याचा. २०१६ साली असे दाखविण्यात आले, की ८०० अंशांस हवेत तापविल्यावर प्लॅटिनमचे जे ऑक्साइड वाफेच्या रूपाने निसटते, ते सेरियम ऑक्साइडच्या पृष्ठभागावर सुट्या अणूंच्या रूपात घट्ट पकडले जाते. नायट्रिक आम्लाच्या कारखान्यात जी प्रक्रिया हानी म्हणून नोंदली जाते, तिलाच येथे साधन बनविले आहे. ही कल्पना खरोखर मार्मिक आहे. मात्र अशा रीतीने स्थिरावलेले अणू कमी तापमानास मंद ठरले. ७५० अंशांस वाफेची प्रक्रिया देऊन त्यांना जागृत करण्याचा मार्ग २०१७ साली पुढे आला. स्थैर्य साधले तेव्हा सक्रियता गेली, ती परत आणण्यास आणखी एक पायरी लागली.

चौथा उपाय आत्मपुनरुज्जीवनाचा. २००२ साली जपानमध्ये मोटारींच्या धुरासाठी असा पेरोव्हस्काइट उत्प्रेरक मांडला गेला, ज्यात पॅलेडियम ऑक्सिडीकारक वातावरणात स्फटिकात शिरते व क्षपणकारक वातावरणात पुन्हा बाहेर येते. इंजिनाच्या धुरात ही दोन्ही वातावरणे आलटून पालटून येतात, म्हणून तेथे ही योजना शोभते. नंतरच्या सूक्ष्मदर्शकीय अभ्यासांनी मात्र ही ये-जा आरंभी मानली गेली तितकी मुक्त नसल्याचे सूचित केले. ज्या रसायननिर्मितीत वातावरण वर्षानुवर्षे एकच राहते, तेथे या उपायाचा लाभ आपोआप मिळणार नाही, हेही उघड आहे.

सोन्याचे उदाहरण

स्थैर्याचा प्रश्न किती खोलवर जाऊ शकतो, हे सोन्याच्या उत्प्रेरकावरून समजते. सोने निष्क्रिय धातू, हा समज १९८० च्या दशकात दोन बाजूंनी मोडला गेला. जपानमध्ये मासाताके हारुता यांनी १९८७ साली ऑक्साइडांवरील सोन्याचे सूक्ष्म कण शून्य अंशाखालीही कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण घडवितात, असे दाखविले. त्यापूर्वी १९८५ साली ब्रिटनमध्ये ग्रॅहम हचिंग्ज यांनी धातूंच्या क्षपण विभवांची तुलना करून, अ‍ॅसिटिलीन व हायड्रोजन क्लोराइड यांच्यापासून व्हिनाइल क्लोराइड बनविण्यास सोने सर्वोत्तम ठरेल, असे भाकीत केले. ते पुढे प्रयोगाने खरे ठरले.

व्हिनाइल क्लोराइड हा पीव्हीसीचा घटक. चीनमध्ये तो मोठ्या प्रमाणावर कोळशापासून मिळविलेल्या अ‍ॅसिटिलीनपासून बनतो आणि त्यासाठी सक्रियित कोळशावर बसविलेले मर्क्युरिक क्लोराइड वापरले जात आले आहे. हा उत्प्रेरक अभिक्रियेच्या तापमानास बाष्परूपाने पारा गमावतो. म्हणजे येथे उत्प्रेरकाचे अस्थैर्य ही केवळ कारखानदाराची हानी नसून तो परिसरातील माणसांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. पाऱ्यासंबंधीचा मिनामाटा करार २०१३ साली स्वीकारला गेला व २०१७ साली अमलात आला. त्यात या उद्योगातील प्रति टन उत्पादनामागील पाऱ्याचा वापर २०१० च्या तुलनेत २०२० पर्यंत निम्मा करण्याचे बंधन आहे.

मग १९८५ चे भाकीत लगेच कारखान्यात का उतरले नाही? कारण सक्रियता सिद्ध झाली होती, स्थैर्य नव्हे. आरंभीचे सोन्याचे उत्प्रेरक अम्लराजाच्या साहाय्याने बनविले जात व वापरात क्षीण होत. गंधकयुक्त संयुगांच्या, विशेषतः थायोसल्फेटच्या, साहाय्याने सोने अत्यल्प प्रमाणात व स्थिर रूपात बसविता आले, तेव्हाच जॉन्सन मॅथी कंपनीने त्यास औद्योगिक रूप दिले. या मधल्या काळात सुमारे तीन दशके लोटली.

२०१७ साली अभिक्रिया चालू असताना केलेल्या क्ष-किरण शोषणाच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट उघड केली. येथे कार्य करतात ते सोन्याचे सुटे, धनभारित अणू. त्यांचे क्षपण होऊन धातुरूप नॅनोकण तयार होणे, हीच या उत्प्रेरकाच्या अखेरीची खूण. हारुता यांच्या अभिक्रियेत जो नॅनोकण नायक आहे, तोच येथे ऱ्हासाचा अवशेष ठरतो. ‘नॅनोकण आढळले, म्हणून उत्प्रेरक उत्तम’ असे अनुमान किती घातक आहे, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

आपले संशोधनलेखन

आता हा निकष आपल्याच घराला लावून पाहू. महाविद्यालयीन नियतकालिकांत वनस्पतींच्या पानांच्या अर्कातून चांदीचे किंवा सोन्याचे नॅनोकण बनविल्याचे निबंध विपुल येतात. त्यांचा आराखडा ठरलेला असतो. अर्क, रंगबदल, वर्णपट, सूक्ष्मदर्शकाचे चित्र, आणि सोडियम बोरोहायड्राइडच्या साहाय्याने चार-नायट्रोफिनॉलचे क्षपण. काही मिनिटांत पिवळा रंग जातो. त्यानंतर एक वाक्य येते : ‘उत्प्रेरक पाच वेळा पुन्हा वापरला असता सक्रियतेत लक्षणीय घट आढळली नाही.’ प्रस्तुत लेखकाच्या एम. फिल. प्रबंधिकेतही हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, आहे. ते असत्य नव्हते. परंतु त्याला अर्थही फारसा नव्हता.

तो का नव्हता, हे साध्या गणिताने कळते. समजा, ताजा उत्प्रेरक १० मिनिटांत ९९ टक्के रूपांतर घडवितो, पण आपण प्रत्येक फेरीचे मोजमाप दोन तासांनी घेतो. अभिक्रिया प्रथम कोटीची मानल्यास उत्प्रेरकाची सक्रियता एक द्वादशांशावर आली, तरी दोन तासांनी ९९ टक्केच रूपांतर दिसेल. म्हणजे ९० टक्क्यांहून अधिक सक्रियता नष्ट होऊनही आपला तक्ता ९९, ९९, ९९ असेच आकडे दाखवील. हा तक्ता स्थैर्य मोजीत नाही, आपला संयम मोजतो.

दुसरा दोष चाचणी-अभिक्रियेच्या निवडीत आहे. पाण्यात, सामान्य तापमानास, बोरोहायड्राइडच्या प्रचंड आधिक्यात काही मिनिटे चालणारी अभिक्रिया सिंटरिंग, कार्बनाचा थर वा वाफ यांपैकी कशाचीच कसोटी पाहत नाही. सक्रियतेच्या तुलनेसाठी ती सोयीची आहे, हे मान्य. पण तिच्या आधारे निष्कर्षात ‘औद्योगिक उपयोगासाठी आश्वासक’ असे लिहिणे म्हणजे अंगणात चालून दाखविणाऱ्यास वारीला निघण्याचे प्रमाणपत्र देण्यासारखे आहे. तिसरा दोष म्हणजे वापरापूर्वीचे चित्र सविस्तर व वापरानंतरचे एकच, किंवा मुळीच नसणे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की लहान गावातील महाविद्यालयात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नसतो, बाहेरून चित्रे काढून आणण्याचा खर्च अध्यापकाला खिशातून करावा लागतो आणि प्रकाशनांची सक्ती मात्र सर्वांना सारखीच असते. हा आक्षेप रास्त आहे. परंतु स्थैर्याच्या कित्येक चाचण्यांना महागडी उपकरणे लागतच नाहीत. प्रत्येक फेरीचे मोजमाप पूर्ण रूपांतरावर न घेता २० ते ३० टक्के रूपांतराच्या टप्प्यावर घ्यावे, किंवा त्याहून उत्तम म्हणजे प्रत्येक फेरीचा आरंभीचा वेग नोंदवावा. अभिक्रिया अर्ध्यावर असताना गरम द्रावण गाळून घन उत्प्रेरक काढून टाकावा व उरलेल्या द्रावणात अभिक्रिया पुढे जाते का, ते पाहावे. पुढे गेल्यास धातू विरघळत आहे, असे समजावे. गाळून वाळविताना हरवलेल्या उत्प्रेरकाचे वजन नोंदवावे. उत्प्रेरकाचा एक भाग भट्टीत तापवून, एक भाग कपाटात महिनाभर ठेवून दोहोंची चाचणी घ्यावी. चांदीच्या द्रावणाचा ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा शोषण-शिखर दर आठवड्यास साध्या वर्णपटमापकावर पाहिला, तरी कण एकत्र येत आहेत का, याचा अंदाज येतो. या सर्वांतून जो ऱ्हासाचा आलेख हाती येईल, तो कितीही निराशाजनक असला तरी प्रसिद्ध करण्याजोगा असतो. परीक्षकांनी आणि संपादकांनीही अशा आलेखाकडे अपयश म्हणून न पाहता मोजमाप म्हणून पाहिले पाहिजे.

समारोप

धातू-नॅनोकण उत्प्रेरकांचे स्थैर्य वाढविण्याचे उपाय शोधले जात आहेत आणि त्यांतील काही खरोखर बुद्धिमान आहेत. परंतु कवच, सापळा वा बंध यांपैकी कोणताही उपाय ‘स्थिर’ या विशेषणाने सिद्ध होत नाही. तो तास, तापमान, वातावरण आणि उरलेली सक्रियता या चार आकड्यांनी सिद्ध होतो. ऑस्मियम मागे पडून लोह पुढे आले, आणि सोन्याला तीन दशके थांबावे लागले, याचा बोध हाच आहे. प्रारंभी उद्धृत केलेली व्याख्या आपण वर्गात यापुढेही सांगूच. मात्र तिच्या पाठोपाठ एक वाक्य जोडण्याची सवय आपण अध्यापकांनी लावून घ्यावी : प्रत्यक्षात प्रत्येक उत्प्रेरक बदलतो, आणि त्या बदलाचा वेग मोजणे हे आपले काम आहे. पुढील वर्षी जो विद्यार्थी ‘पाच वेळा वापरला’ असे लिहून प्रकल्प-अहवाल आणील, त्याला ‘प्रत्येक वेळी किती मिनिटांनी मोजलेस?’ एवढे जरी आपण विचारले, तरी या चर्चेचे सार्थक होईल.